समोरच्याची मान हलेपर्यंत

'पोटात गोळा येणे' म्हणजे खूप भीती वाटणे, वाक्यात उपयोग करा, असं मी जन्मभर मुलांना सांगत आले. मुलांनी वाघाला, इंजेक्शनला आणि मुख्याध्यापकांना पाहून पोटात गोळे आणले. माझा स्वतःचा गोळा मात्र ठरलेल्या वेळी यायचा. दहावीचा मराठीचा पेपर जवळ आला की मला जेवण जायचं नाही. घरचे म्हणायचे, "परीक्षा तुझी आहे का पोरांची?" मी म्हणायचे, पोरांची आहे म्हणूनच. माझी असती तर मी निवांत झोपले असते.

आता निवृत्त झाले. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून चहा पिते. खालून शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या शर्टाचं बटण तुटलंय ते बघत नाही. म्हणजे बघते, पण हाक मारून सांगत नाही. मार्च महिन्यात जेवणही व्यवस्थित जातं. निदान गेल्या मार्चपर्यंत तरी जात होतं.

माझी शाळा शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत होती. उकडतं म्हणून खिडक्या उघडाव्यात तर मागांचा खडखडाट आत यायचा आणि माझा आवाज बाहेर जायचा नाही. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलायची, बरीचशी दखनी उर्दू, काही कन्नड. घरात मराठी बोलणारी मोजकीच. या सगळ्यांना मी मराठी शिकवत होते, आणि तेही कुमारभारती, म्हणजे पहिली भाषा म्हणून.

पेपराच्या शेवटी निबंध असतो. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यातला एक निवडायचा. शहाणे शिक्षक मुलांना बजावतात, की वैचारिकच्या नादी लागू नका, शाळेची घंटा किंवा फाटकं पुस्तक बोलतं करा आणि मोकळे व्हा. मला मात्र वैचारिकच आवडायचा. पान-दीड पानाचा मामला. आपलं एक म्हणणं ठरवायचं, ते का आहे ते सांगायचं, ज्याला ते पटत नाही त्याचं ऐकून घ्यायचं, त्याला उत्तर द्यायचं आणि थांबायचं. सांगायला इतकं सोपं. पण मुलं काय लिहायची? 'आजच्या धकाधकीच्या युगात' अशी सुरुवात. मग फायदे. मग तोटे, फायद्यांना वाईट वाटू नये म्हणून तितकेच. शेवटी 'चला तर मग, आपण सर्वांनी मिळून संकल्प करूया.' अख्ख्या निबंधात कुणाचं कुणाशी भांडण नाही. मी विचारायचे, "अरे, पण तुझं म्हणणं काय?" पोरगा गोंधळून बघायचा. "बाई, दोन्ही लिवलंय की!"

त्यांचं तरी काय चुकत होतं? घरी मोठ्या माणसासमोर मत सांगितलं तर 'उलटून बोलू नको' म्हणून बोलणी खायची, आणि शाळेत मत सांगितलं नाही म्हणून गुण घालवायचे. कुणीही दोन्हीकडून बोलायला शिकेल.

म्हणून मी एक नियम केला. निबंध अशाच विषयावर लिहायचा, ज्यावर आपलं एखाद्या खऱ्या, हाडामांसाच्या माणसाशी वाजलेलं आहे. आधी त्या माणसाची बाजू लिहायची आणि ती त्याला वाचून दाखवायची. त्याने 'होय, हेच माझं म्हणणं' असं म्हणून मान हलवली, तरच आपली बाजू लिहायला घ्यायची. मान हलली नाही तर पुन्हा लिहायचं. मान हलेपर्यंत.

दरवर्षी पहिला विषय पाण्याचा द्यायचे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या वाचकांना सांगावं लागतं. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटत नाही. पाणी रोज थोडं यावं की काही दिवसांनी भरपूर? माझ्या शेवटच्या तुकडीत इम्रान नावाचा एक बडबड्या मुलगा होता, वडील रिक्षा चालवायचे. त्याला रोज थोडं हवं होतं आणि त्याच्या अम्मीला नको होतं. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. "बाई, अम्मी मान हलवीना. म्हणते, तू एक तरी घागर भरली का रे आजपर्यंत?" पाण्याच्या दिवशी अम्मी सगळी कामं टाकून नळापाशी बसायची. रोज पाणी आलं तर रोज बसावं लागेल, असं तिचं साधं म्हणणं होतं. इम्रानने एकदा तिच्याबरोबर पाणी भरलं, मग लिहिलं, मग अम्मीची मान हलली. आणि पठ्ठ्या मला येऊन विचारतो, "बाई, आता माझी बाजूच राहिली नाही. काय लिहू?"

मी वर्गासमोर पोट धरून हसले. पुढे हे माझ्यावरच उलटणार आहे हे ठाऊक असतं, तर जरा बेतानं हसले असते.

अंबिकाही त्याच तुकडीतली. खाली माग आणि वर राहायच्या दोन खोल्या असं त्यांचं घर होतं. वडील नरसय्या स्वतः मागावर उभे राहायचे, टॉवेल काढायचे. मोठी बहीण पद्मा गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची. ही पद्मा काही वर्षांपूर्वी दहावीला मराठीत नापास झाली होती. ती दुसऱ्या शाळेत होती, पण तिची हकीकत मला अंबिकाकडून इतक्या वेळा ऐकायला मिळाली की मी त्या परीक्षेच्या खोलीत होते असं वाटतं. पद्माने गाईडमधला निबंध पाठ केला होता. पेपरात नेमका तोच आला. तिने पहिली काही वाक्यं झरझर लिहिली आणि पुढचं एक वाक्य आठवेना. ते आठवेना म्हणून त्याच्या पुढचंही आठवेना. उरलेलं पान कोरं ठेवून पोरगी बाहेर आली. त्या उन्हाळ्यात तिची शाळा सुटली आणि ती दुसऱ्यांच्या पोरांचे शाळेचे शर्ट शिवायला लागली.

घरात त्यानंतर एक नियम झाला होता, कुणी उघड न बोलता. एकदाच परीक्षेला बसायचं. पास झालीस तर कॉलेज, नाही तर अक्काच्या शेजारचं मशीन. नरसय्या वाईट माणूस नव्हता. त्याने मोठ्या पोरीच्या नापास होण्याची लाज एकदा सोसली होती आणि ती त्याला परत सोसायची नव्हती, इतकंच.

पद्मा बुडाली त्यातून घरच्यांनी धडा घेतला की पोरीचं पाठांतर कच्चं राहिलं. मी त्याच हकीकतीतून उलटा धडा घेतला, की पाठांतरावर विसंबली म्हणून बुडाली. आणि या दोन धड्यांच्या मध्ये अंबिका सापडली होती. इतर विषयांत बरी होती, पण मराठीत काठावर. निबंध कोरा राहिला तर ती जाणार आणि निबंध जमला तर तरणार, हे मला दिसत होतं आणि तिलाही.

विषय निवडायच्या दिवशी कुणी मोबाईल म्हणालं, कुणी मागांचा आवाज. अंबिका उभी राहिली.

"बाई, माझा विषय, गाईडमधले निबंध पाठ करावेत का."

"बरं. तुझी बाजू?"

"करावेत."

"आणि समोरचं माणूस कोण?"

ती बाकाकडे बघत म्हणाली, "तुमी, बाई."

मागच्या बाकावरून इम्रान "आयला!" म्हणाला आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. नियम माझाच होता. मी म्हणाले, "लिही. माझी बाजू आधी."

पहिल्यांदा तिने लिहून आणलं, की बाईंच्या मते पाठांतर वाईट असते. मी मान हलवली नाही. म्हटलं, "मी तुमच्याकडून कविता पाठ करून घेते, पाढे तर तुम्ही लहानपणीच केलेत. पाठांतर वाईट असं मी कधी म्हणाले?" ती गेली. पुन्हा आली ते असं लिहून, की बाईंना वाटते पाठ केलेला निबंध परीक्षेत विसरतो. हे मी म्हणाले होते, पण तेवढंच माझं म्हणणं नव्हतं. न विसरणारी मुलगी असली तरी मी तिला पाठ करू देणार नव्हते. "मग का नको?" तिने चिडून विचारलं. मी म्हणाले, "ते तू शोध." खरं सांगायचं तर मलाही ते नीट शब्दांत सांगता आलं नसतं.

मग बरेच दिवस ती आलीच नाही. माझ्या मनात आलं, पोरीने नाद सोडला. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती, आणि मी एका काठावरच्या मुलीला असल्या खेळात गुंतवून तिचा वेळ खाते आहे, या विचाराने माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिली आणि तिथूनच वाचायला लागली. "बाईंना निबंधाची भीती नाही. बाईंना मुलीची भीती वाटते. जी मुलगी परीक्षेत दुसऱ्याचे म्हणणे लिहून पास होते, तिला तीच सवय लागते. मग ती घरात, सासरी, कामावर, सगळीकडे दुसऱ्याचेच म्हणणे बोलत राहते. आणि तिचे स्वतःचे काय होते, हे तिला कुणी कधी विचारत नाही, आणि विचारले तर तिला सांगता येत नाही."

माझ्या हातात डब्यातली पोळी होती. मी मान हलवली. तरी तिने खात्री करून घेतली, "हेच ना बाई तुमचं?" मी परत मान हलवली. इतकी वर्षं जे मला स्वतःला सांगता आलं नव्हतं, ते एका तेलुगू घरातल्या पोरीने मराठीत सांगितलं होतं. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी पुढचं विसरले. पुढे तिची बाजू यायची होती.

ती तिने वर्गात वाचली. फार मोठी नव्हती. तिने लिहिलं होतं, की ज्याच्या घरात मराठी आहे त्याला वाक्य चुकलं की कानाला कळतं, माझ्या कानाला कळत नाही. गाईडमधल्या वाक्यात माझं काही नसतं, म्हणून माझी चूकही नसते. ज्यांना एकदा नापास होणं परवडतं त्यांनी स्वतःचं लिहून बघावं. आणि शेवटी होतं, "बाईंना माझे चुकलेले वाक्यसुद्धा आवडते. पण बोर्डाचा माझा पेपर बाई तपासणार नाहीत."

वाचून ती उभीच राहिली. आता मी उत्तर द्यायचं होतं. वर्ग माझ्याकडे बघत होता. मागांचा आवाज चालू होता. मी खडू उचलला आणि परत ठेवला.

"बाई हारल्या!" इम्रान ओरडला. मी त्याला रागावलेसुद्धा नाही.

कारण तिचं शेवटचं वाक्य मी आतून ओळखत होते. मी बोर्डाचे पेपर तपासलेले आहेत. सोलापूरचा उन्हाळा, डोक्यावर गरम हवा फिरवणारा पंखा, समोर गठ्ठा. ओळखीचं वाक्य दिसलं की पेन आपोआप पुढे सरकतं. वेगळं वाक्य आलं की थांबून वाचावं लागतं, आणि थांबायला कुणाला सवड असते? मी थांबत असे, पण माझ्या शेजारी बसलेले सगळेच थांबत होते असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. अंबिकाचा पेपर कुठल्या गावी, कुणाच्या टेबलावर जाणार हे मला माहीत नव्हतं. बार्शीला जाईल की आणखी कुठे, आणि ती व्यक्ती सकाळी घरातून भांडून आलेली असेल की नाही, असले विचार माझ्या डोक्यात येऊ लागले.

मी तिच्या घरी गेले. नरसय्याने माग बंद केला, हात पुसले आणि मला वर नेलं. अंबिकाच्या आईने कॉफी केली. पद्मा कामावरून यायची होती.

"बाई, मराठी आमाला बोलायला येते, लिवायला न्हाय," नरसय्या म्हणाला. "तुमी सांगता ते ती करते. पाठ कर म्हणा, पाठ करते. करू नको म्हणा, करत न्हाय. मला एकच सांगा. पास होते का?"

मी म्हणाले, "ती खूप मेहनत करते."

"मेहनत पद्मा पन केली होती बाई."

  कॉफी तशीच ठेवून मी खाली आले आणि जिन्यातच अंबिकाला सांगून टाकलं, "गाईडमधले चांगले निबंध निवड आणि पाठ कर. रोज म्हणून दाखव."

मला वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणाली, "म्हणजे बाई, माझं म्हणणं तुमाला पटलं?"

"मला भीती वाटते," मी म्हणाले. ते खरं होतं.

त्यानंतर परीक्षेपर्यंत ती रोज शाळा भरण्याआधी यायची आणि धडाधड निबंध म्हणून दाखवायची. पर्यावरण, स्त्रीशिक्षण, व्यसनमुक्ती, खेळाचे महत्त्व. एक शब्द चुकायची नाही. मी मान हलवायचे. धकाधकीचं युग पुन्हा माझ्या वर्गात आलं होतं आणि मीच त्याला दार उघडलं होतं.

पेपरच्या दिवशी मराठीच्या शिक्षकाला परीक्षा केंद्रावर कुणी फिरकू देत नाही आणि ते बरोबरच आहे. मी रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन बसले. रसवाल्याने ग्लास पुढे केला. मी तो पुढ्यात ठेवून फाटकाकडे बघत राहिले.

"बाई, तुमी हितं बसून आत काय फरक पडनार हाय का?" तो म्हणाला. "रस तरी प्या. माशा बसत्यात."

वेळ संपली आणि पोरं लोंढ्याने बाहेर आली. सगळ्यांत पुढे इम्रान. मी त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका जवळजवळ हिसकावून घेतली आणि उलटी करून शेवटचं पान काढलं. वैचारिकचा विषय होता, मोबाईलवर मिळणारी तयार उत्तरे ही सोय की नुकसान, असा काहीसा. शब्द आता नेमके आठवत नाहीत. पर्यावरण नाही, स्त्रीशिक्षण नाही, खेळ नाही. तिने पाठ केलेल्यातलं एकही नाही. आत्मकथन आणि प्रसंग तर तिने तयारच केले नव्हते.  मला पद्माचं ते कोरं पान दिसायला लागलं, जे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

अंबिका सगळ्यांत शेवटी आली. पॅड छातीशी धरलेलं, चेहऱ्यावर काही नाही. मी रस्ता ओलांडून गेले.

"लिहिलास?"

"लिहिला बाई."

"कुठला?"

"वैचारिक. पाठ केलेलाच लिहिला."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पण हा विषय गाईडमध्ये कुठे होता?"

"गाईडमधला न्हाय बाई. विषय बघितला आणि गाईडमधलं सगळं एकदम गेलं. एक वाक्य आठवंना. अक्काला झालं तसंच." तिने पॅड काखेत घेतलं. "मग तुमची बाजू आठवली. मी तुमाला परत परत लिहून दाखवली होती ना, मान हलवत नव्हता म्हणून. ती पाठ झालती. दुसऱ्याचं म्हणणं लिहून पास होणारी मुलगी. तेच लिहिलं, त्यात मोबाईल घातला. विरुद्ध बाजू म्हणून माझी लिहिली. तीपण पाठच होती."

कुणा विद्यार्थ्याने गोष्टीत असा विषय परीक्षेत आणला असता, तर मी लाल पेनने समासात 'फारच सोयीचे' असं लिहिलं असतं. पण तसं झालं. आणि त्याने माझी काळजी मिटली असं कुणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. उलट वाढली. आता निकालापर्यंत मला रोज वाटायचं, की तपासणाऱ्याला तिच्या वाक्यापाशी थांबायला सवड मिळाली असेल का. तो पेपर मी तपासणार नव्हते, हे तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

निकाल लागला. इम्रानच्या मोबाईलवर साइट उघडेपर्यंत मी देवाची सगळी नावं घेऊन संपवली. अंबिका पास झाली. मराठीतही, आणि काठाच्या बरीच आत. नरसय्या पेढे घेऊन घरी आला आणि दारातच उभा राहिला, आत यायला तयार होईना. अंबिका माझ्या पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "पण बाई, माझं म्हणणं अजून तेच आहे. विषय दुसरा आला असता तर?"

मी म्हणाले, "होय, तुझं म्हणणं हेच आहे." आणि मान हलवली. त्याच महिन्यात मी निवृत्त झाले, त्यालाही आता वर्ष उलटलं.

इथेच हा लेख संपवायचा असं ठरवून मी लिहायला बसले होते. पण यंदा नवरात्रात अंबिका आली. आता कॉमर्सला आहे, केस मोकळे सोडते, वडिलांना अजून नान्नाच म्हणते. म्हणाली, "बाई, अक्काला परत बसवायचंय दहावीला. नान्ना हो म्हणतात, अम्मा नको म्हणत नाही. अक्काच ऐकत नाही. तुमी बोला."

मी गेले. वरच्या खोलीत पद्मा शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होती. कारखान्यातून आल्यावर वस्तीतल्या बायकांचं शिवते. मी परीक्षा, पुढचं शिक्षण, सगळं सांगायला सुरुवात केली. तिने मशीन न थांबवता मला थांबवलं.

"बाई, तुमचा नियम अंबिकाने मला सांगितलाय. मी बसावं असं तुमचं म्हणणं. मग आधी माझी बाजू तुमी सांगा. माझी मान हलली तर पुढचं बोला."

अंबिका दारात उभी होती. ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी हे मुलांना करायला लावलं होतं आणि स्वतः एकदाही केलं नव्हतं.

मी म्हणाले, "तुला परत नापास व्हायची भीती वाटते." मशीन चालूच.

"बारक्या पोरींबरोबर बसायची लाज वाटते."

"केंद्रावर माझ्यापेक्षा मोठ्या बायका बसतात बाई, मी बघितलंय."

"आता शिकून उपयोग काय, असं वाटतं."

"ते अम्मा म्हणते. मी नाही."

चहा आला, गार झाला. मी आणखी काय काय म्हणाले ते आठवत नाही. प्रत्येक वेळी ती कापड सरकवायची आणि मान हलवायची नाही.  आपण इथून तशाच परत जाणार असं वाटायला लागलं. मग मी तिच्याकडे बघणं सोडून तिच्या जागी स्वतःला बसवलं. मी भित्री बाई आहे, भीती मला लवकर सापडते. सगळ्यांत जास्त मला कशाची भीती वाटली असती?

"तुला नापास व्हायची भीती नाही," मी हळू म्हणाले. "पास होशील याची आहे. पास झालीस तर कळेल की हे तेव्हाच जमलं असतं. मग ही मधली सगळी वर्षं उगाच गेली, हे रोज बघत बसावं लागेल."

मशीन थांबलं. तिचा हात चाकावर तसाच राहिला. खाली नरसय्याचा माग चालू होता. मग तिने मान हलवली. "होय बाई. हेच."

आता माझी बाजू मांडायची पाळी होती.  पण तिचं म्हणणं मला इतकं पटलं होतं, की माझी बाजूच उरली नव्हती.  पद्माने दाताने दोरा तोडला, ब्लाउजची घडी घातली आणि ती बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा निबंध कुठला येईल बाई?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही गं."

"मग उद्यापासून येते," ती म्हणाली. "कामावर जायच्या आधी."

ती रोज येते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, पाठ करू का स्वतःचं लिहू, आणि मी अजून तिला पक्कं उत्तर दिलेलं नाही. आम्ही दोन्ही करतो आहोत. परीक्षेला बराच अवकाश आहे, दिवाळीचा फराळ ताटात समोर आहे, घरचे म्हणतात चकली छान झालीये. मला ती घशाखाली उतरत नाही.